वाऱ्यात बांधलेली गुरं

‘वाऱ्यात चार गुरां व्हती. ती गेली.’

हे वाक्य मी कागदावर उतरवलं आणि कानावरचे हेडफोन काढून क्षणभर तशीच बसले. काय बोलतात ही माणसं, असं मनात आलं. पावसाळी रात्र, घोंघावणारा वारा, त्यात उघड्यावर उभी असलेली चार जनावरं आणि मग काहीच नाही. मी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं एक रेघसुद्धा मारली. कुठंतरी उपयोगी पडेल म्हणून.

पुढं आठ-दहा दिवसांनी कळलं, की त्या वाक्यात वारा नव्हताच.

काम असं होतं. २२ जुलै २०२१ या दिवशी महाड शहर पुरात बुडालं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथंही दरडींनी बळी घेतले. या भागाला हे नवं नव्हतं. २००५ च्या जुलैमध्ये जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर डोंगर आले होते. अशा सगळ्या आठवणी, जुनी शेती, जुन्या पायवाटा, कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं, हे म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून काही अभ्यासकांनी ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. ते कागदावर उतरवायचं काम माझ्याकडं आलं. भाषणं, मुलाखती, बैठका उतरवून काढण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. अट एकच होती: जसं बोललंय तसं लिहायचं.

अट ऐकून मला बरंच वाटलं. आपलंच मराठी, त्यात काय अवघड! तासाभराचं बोलणं मी एरवी पाच-सहा तासांत उतरवते. पोलादपूरकडच्या एका कोंडावरच्या या आजींच्या पहिल्या तासाला मला चार दिवस लागले, आणि तरीही ते चूकच निघालं. (कोंड म्हणजे डोंगराच्या कुशीतली छोटी वस्ती. हाही शब्द मी तेव्हाच शिकले. आधी मी तो धान्याचा कोंडा समजत होते.)

माझ्या शेजारच्या इमारतीत एक निवृत्त एसटी ड्रायव्हर मुलाकडं राहतात. मूळचे पोलादपूरचे. सगळे त्यांना तात्या म्हणतात. आंबेनळीच्या घाटात आयुष्य गेलेलं. अडलेल्या जागा दाखवायला मी त्यांच्याकडं गेले आणि माझं ते आवडतं वाक्य मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. तात्यांनी ऐकलं, मूळ आवाज लावायला सांगितला, पुन्हा ऐकला आणि म्हणाले, ‘‘अगो बाय, वारा न्हवं. वारा!’’

‘‘तेच तर लिहिलंय, तात्या. वारा.’’

‘‘न्हवं गो! वारा. गुरांचा वारा!’’

असं तीन-चार वेळा झालं. शेवटी तात्या खुर्चीत सरळ बसले आणि ज्या भाषेत ते आगारातल्या साहेबांशी बोलत असावेत त्या भाषेत, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, ‘‘वा-डा. डमरूतला ड. गुरं बांधतात तो वाडा. तुमच्याकडं गोठा म्हणतात.’’

म्हणजे एका शब्दात दोन खड्डे होते. पहिला उच्चाराचा: शब्दाच्या मधला ‘ड’ या आजींच्या तोंडी ‘र’ होतो. घोडा घोरा होतो, पडला परला होतो. दुसरा अर्थाचा: उच्चार नीट कळून मी ‘वाडा’ लिहिलं असतं तरी माझ्या पुणेरी डोळ्यांपुढं दिंडी दरवाजा आणि चौक उभा राहिला असता. दरडीखाली वाडा गेलेली आजी म्हणजे कोणी इनामदारीणच असणार, असं मी समजून चालले असते. खरी हकीकत अशी, की घरामागच्या गोठ्यावर डोंगर आला आणि दावणीला बांधलेली चार जनावरं जागच्या जागी गाडली गेली. उघड्यावर असती तर पळाली असती. मी रेघ मारलेल्या त्या ‘काव्या’त जनावरं उघड्यावर होती. माझी रेघ मी खोडरबरानं पुसून टाकली. ती नीट पुसली गेली नाही.

त्यानंतर कान जरा ताळ्यावर आला. हळूहळू हिशेब लागू लागला. ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो. ‘इ’, ‘ए’च्या आधीचा ‘व’ गळून पडतो, म्हणून वीस ते ‘ईस’, विंचू तो ‘इंचू’, विहीर ती ‘इहीर’. एवढी चार-पाच सूत्रं पाठ केली की झालं, असं वाटत होतं. पण सूत्र पाठ असणारा माणूस जास्त चुकतो, कारण त्याला धीर आलेला असतो.

महाडच्या बाजूच्या एका आजोबांच्या बोलण्यात वाक्य आलं: ‘कालचं पानी आधी चरलं, मंग सावित्रीचं.’ सूत्राप्रमाणं ‘पानी’ म्हणजे पाणी, ‘चरलं’ म्हणजे चढलं. मी लिहिलं, ‘कालचं पाणी आधी चढलं, मग सावित्रीचं.’ आदल्या दिवशीचं पाणी आधी चढलं, यात वावगं काय? व्याकरण बिनचूक, अर्थ ठीक. नकाशा समोर नसता तर ते तसंच छापलं गेलं असतं. रायगडाच्या पायथ्याच्या खोऱ्यातून एक नदी येते आणि सावित्रीला मिळते. तिचं नाव काळ. आजोबा ‘काल’ म्हणाले ते आदल्या दिवसाबद्दल नव्हे, काळ नदीबद्दल. कुठल्या नदीचं पाणी आधी चढलं, हे त्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं आणि नेमक्या क्रमानं सांगितलेलं. महाडला हा क्रम फार महत्त्वाचा. महाबळेश्वरावरून उतरणारी सावित्री, गावाशी येऊन मिळणारी गांधारी, ही काळ, आणि खालून बाणकोटच्या खाडीतून चढणारी भरती, यांतलं कोण कधी येतं यावर गावात किती पाणी भरणार हे ठरतं. मी एक टिंबभर अक्षर ‘दुरुस्त’ न केल्यामुळं नदीच पुसून टाकली होती. आधी नको तिथं दुरुस्त केलं म्हणून चुकले, इथं हवं तिथं केलं नाही म्हणून चुकले. सूत्र दोन्हीकडं तेच.

आणि कधीकधी लिहिणं अगदी बरोबर असतं, समजणं तेवढं चुकतं. ‘पऱ्याला पानी आलं तवा आमी पोरां घेऊन वर गेलाव.’ यातला ‘पऱ्या’ मी अचूक लिहिला. तात्यांनी सांगेपर्यंत मला परीकथेतल्या पंखवाल्या पऱ्याच दिसत होत्या. पऱ्या म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. एरवी उन्हाळ्यात कोरडा, पावसाळ्यात त्याचा आवाज घरात ऐकू येतो. त्याचा आवाज बदलला की वर काहीतरी झालं, हे तिथल्या पोरासोरांना कळतं. पाण्याचा रंग लाल झाला, मोठे दगड वाजायला लागले, की माणसं घरं सोडतात. हे सगळं ‘पऱ्याला पानी आलं’ या तीन शब्दांत आहे, ऐकणाऱ्याला पऱ्या माहीत असेल तर.

ही फजिती माझी एकटीची नाही, हे समजल्यावर जरा हलकं वाटलं. स्कॉटलंडमध्ये बाई बाजारात किराणा आणायला निघाली की ‘मेसेजेस’ आणायला जाते म्हणते. लंडनचा लिहिणारा शब्द तंतोतंत लिहील आणि ही बाई टपाल खात्यात असावी असं समजेल. तिथं ‘हाउ’ असं विचारलं तर त्याचा अर्थ पुष्कळदा ‘कसं’ नसून ‘का’ असा असतो. २०१० साली बीबीसी स्कॉटलंडच्या एका विनोदी कार्यक्रमात दोन स्कॉटिश गडी आवाजावर चालणाऱ्या लिफ्टमध्ये अडकतात. ते ‘इलेव्हन’ म्हणून ओरडत राहतात आणि लिफ्टला ते काही केल्या समजत नाही. मीही एकदा आजींचा आवाज मोबाइलला ऐकवून पाहिला. आता बोललेलं आपोआप मराठीत टाइप होतं ना! आजी म्हणाल्या होत्या, ‘आठ मन भात.’ म्हणजे आठ मण. मोबाइलनं लिहिलं, ‘आठवण भात’. तात्यांना दाखवलं तर म्हणाले, ‘‘चुकला न्हाय त्यो. आता आठवनच हाय.’’

तात्यांच्या विनोदांना हसावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

याच सुमारास कोणीतरी सांगितलं, की महाडच्या बोलीवर एक आख्खं पुस्तक आहे. मला खरं वाटेना. पण आहे. ‘कुणबी ऑफ महाड’, १९६६. लेखक अमृत माधव घाटगे, प्राकृत भाषांचे मोठे पंडित, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत महाकोशाचे संपादक. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची एक माला काढली होती, त्यातलं हे तिसरं पुस्तक. याच मालेत आधी कुडाळीवर झालं, नंतर ठाण्याच्या वारलीवर. पुस्तक इंग्रजीत, बोलीचे नमुने रोमन लिपीत, अक्षरांवर-खाली खुणा. त्याच्याही आधी, १९०५ साली, ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीला वाहिलेला होता, आणि त्यात कोकणातल्या कुणब्यांच्या बोलीची दखल होती. त्या सर्वेक्षणाची पद्धत मजेशीर होती. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट घ्यायची आणि प्रत्येक बोलीत ती सांगायला लावायची. बापाकडून वाटणी घेऊन परमुलखात गेलेला आणि सगळं घालवून परत आलेला मुलगा. कोकणातल्या कुणब्याला ही गोष्ट परकी वाटली नसेल. फक्त इथल्या मुलाला वाटणी मिळत नसे. तो नुसताच मुंबईला गिरणीत जाई आणि गणपतीला परत येई.

संस्कृत आणि प्राकृत कोळून प्यायलेला माणूस महाडच्या कुणब्याच्या बोलण्याकडं वळतो, हे मला त्या पुस्तकातलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटलं. शाळेत आपल्याला ‘पाणी’ शुद्ध आणि ‘पानी’ अशुद्ध असं शिकवलेलं असतं. पण मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’, त्यात ‘न’च आहे. ‘ण’ आणला तो महाराष्ट्री प्राकृतानं. तिला ‘न’ दिसला की ‘ण’ करायची हौस होती. म्हणजे आजींचं ‘पानी’ संस्कृतला माझ्या ‘पाण्या’पेक्षा जवळचं! आजी काही संस्कृत राखायला ‘पानी’ म्हणत नाहीत, हे मलाही कळतं. पण अशुद्ध म्हणून हसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

हसण्याची भीती त्या ध्वनिमुद्रणांत स्पष्ट ऐकू येते. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं सगळेच जण जपून बोलतात. ‘मी... पाणी... आणायला... जात होते’ असं एकेक पाऊल चाचपत टाकतात. समोर शहरातली माणसं, हातात यंत्र. मग मध्येच कोंबडी घरात शिरते, किंवा शेजारीण डोकावते, आणि तिच्याशी बोलता बोलता खरी बोली सुरू होते, ती पुन्हा थांबत नाही. मी आता सुरुवातीची मिनिटं भराभर पुढं ढकलते आणि कोंबडीची वाट पाहते. एक आजोबा मात्र शेवटपर्यंत सावध राहिले. तीस वर्षं मुंबईला परळमध्ये काढलेली. बोलणं अगदी नीटनेटकं, आणि त्यात पऱ्या नाही, वाडा नाही, राब भाजणं नाही, काहीच नाही. तासभर बोलून त्यांनी जवळपास काही सांगितलं नाही. राब माहीत नसेल तर सांगते: पावसाआधी रोपाच्या जागेवर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळतात. जमीन भाजली की मग भात पेरायचं. आजोबांनी त्याला ‘शेतीची पूर्वमशागत’ म्हटलं.

तात्यांचा मुलगाही तसाच. तो बापाशी पुणेरी बोलतो आणि तात्या त्याच्याशी पुणेरी बोलतात. माझ्याकडच्या त्या आवाजांमुळं तात्यांना वर्षानुवर्षांनी आपल्या बोलीत बोलायला मिळालं, असं सूनबाई म्हणाल्या. त्या हसत म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवसापासून तात्या मी बोलावण्याआधीच येऊ लागले.

आता त्या ‘न’बद्दल सांगायला हवं. तो मला सगळ्यात उशिरा ऐकू आला.

आजी आपल्या घराबद्दल सांगत होत्या. ‘घर बांधलान. इहीर खनलीन. आंबे लावलेन.’ मला दर वाक्याच्या शेवटी एक नाकातला आवाज ऐकू येत होता. आधी वाटलं, आजींची बोलण्याची लकब. मग वाटलं, ‘ना’ आहे: घर बांधलं ना, विहीर खणली ना. आपण नाही का म्हणत, गेलो ना मी! काही ठिकाणी मी ‘ना’ लिहिलं, काही ठिकाणी ते उगाच वाटून काढून टाकलं. हातात राहिलं ते असं: ‘घर बांधलं. विहीर खणली. आंबे लावले.’ स्वच्छ मराठी. माझा कागद तपासणाऱ्यानं समासात बारीक अक्षरांत विचारलं, ‘कोणी?’

मी पुन्हा ऐकलं. कोणी ते आजींनी कुठंच सांगितलं नव्हतं. नाव नाही, ‘ह्यांनी’ नाही, ‘मालक’ नाही. दोन तासांच्या बोलण्यात नवऱ्याचा उल्लेख नाही, म्हणजे बाईनं हे सगळं एकटीनं केलं, असाही निष्कर्ष निघू शकत होता. तसा तो कोणी काढलाही असता, आणि त्यावर चांगला लेखही झाला असता.

तात्यांनी एका मिनिटात गुंता सोडवला. ‘‘बांधलान म्हंजे त्यानं बांधलान. आपून बांधला आसतान तर ‘मी बांधलं’ म्हनली आसती. ह्यो ‘न’ तिच्या मालकाचा.’’

कोकणातल्या बऱ्याच बोलींत हे आहे. त्यानं केलं म्हणायचं तर क्रियापदाच्या शेवटी ‘न’ लागतो: केलान, केलीन, केलेन. करणारे अनेक असतील तर ‘नी’ होतो. म्हणजे काम करणारा क्रियापदातच बसलेला असतो, त्याला वेगळं आसन द्यावं लागत नाही. प्रमाण मराठीत हे नाही. ‘घर बांधलं’ म्हटलं की कोणी हे वेगळं सांगावं लागतं. आजींच्या पिढीतल्या बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सारखं ‘त्यांनी, त्यांनी’ही करायचं नाही. तिला तशी गरजही नव्हती. तिची बोली तिच्या मदतीला होती. नवरा गेल्याला बरीच वर्षं झालेली. त्याचं नाव तिनं उभ्या आयुष्यात घेतलं नसेल. पण त्यानं केलेलं एकेक काम मोजताना ती प्रत्येक क्रियापदाच्या शेवटी त्याला हजर ठेवत होती. आणि मी, लकब समजून, तेवीस पानांत जिथं जिथं तो होता तिथून त्याला काढून टाकलं होतं.

तेवीस पानं पुन्हा लिहायला घेतली. या वेळी बोलली तशीच लिहिली: ‘न’ला ‘न’, ‘ल’ला ‘ल’, वाऱ्याला वारा, आणि उजवीकडं मोकळा रकाना ठेवून त्यात अर्थ. काम देणाऱ्यांचा आधी आग्रह होता, की वाचायला सोपं जावं म्हणून सगळं प्रमाण भाषेत करावं. ‘जसं बोललंय तसं’चा त्यांचा अर्थ ‘मजकूर तोच’ असा होता. त्यांचंही चूक नव्हतं. अहवाल वाचणारा मुंबईत बसलेला, त्याला ‘इहीर’ वाचताना ठेच लागणारच. पण चार गुरं आणि काळ नदी यांची गोष्ट सांगितल्यावर दोन रकान्यांना ते तयार झाले. नवऱ्याची गोष्ट मी बैठकीत सांगितली नाही. ती तिथं सांगण्यासारखी वाटली नाही.

कागद पुरे झाल्यावर मी ते आजींना वाचून दाखवायला गेले. तात्या बरोबर आलेच. महाबळेश्वरावरून एसटीनं आंबेनळी उतरताना प्रत्येक वळणावर ते ड्रायव्हरच्या वतीनं पाय दाबत होते. पोलादपूरहून पुढं रिक्षा, मग चढ. आजी ओटीवर बसल्या होत्या. घरामागं गोठ्याची जागा होती. तिथं आता नुसता लाल मातीचा उतार आणि त्यावर उगवलेलं गवत. आम्ही दोघींनी एकदा तिकडं पाहिलं, आणि मग मी वाचायला सुरुवात केली.

माझ्या तोंडून त्यांची बोली ऐकून त्या आधी तोंडाला पदर लावून हसल्या. माझा ‘ल’ बहुधा फार जोरात पडत होता. मग ऐकत राहिल्या. ‘घर बांधलान. इहीर खनलीन. आंबे लावलेन.’ इथं त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

‘‘फनस ऱ्हायला गो बाय.’’

‘‘फणस?’’

‘‘फनस बी लावलान. त्यो बग.’’ ओटीच्या कोपऱ्यापलीकडं फणसाचं मोठं झाड होतं. ‘‘ली की.’’

मी पिशवीतून पेन काढलं आणि तिथंच ओटीवर बसून ते लिहून घेतलं.